एटापल्लीला नेलेले सहा मासे

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि मी एटापल्लीला परत निघाले, तेव्हा लेक आणि तिचे बाबा मला सोडायला वरोऱ्याहून चंद्रपूरपर्यंत आले. तिथून मला पुढची बस होती. तिला दोन तास अवकाश होता, म्हणून आम्ही स्टँडबाहेर फिरत होतो. एका गल्लीत रंगीत माशांचं दुकान दिसलं आणि लेक थांबली.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मी एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. दिवसभर रक्ताच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली पाहायच्या, हे माझं काम. बदली झाली तेव्हा तिची शाळा मध्येच सोडवायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. तिच्या बाबांची नोकरीही वरोऱ्यातच. मग ती दोघं तिकडे राहिली आणि मी इकडे आले. महिन्यातून एकदा जायचं, दोन रात्री राहायचं आणि परत यायचं. त्यालाही आता तिसरं वर्ष लागलं होतं.

"आई, तू तिथी एकटी राह्यते ना," लेक म्हणाली. "हे घेऊन जा."

मी हसले. बसमध्ये सहा-सात तास मासे घेऊन कोण बसणार? पण ती दुकानात शिरलीसुद्धा. दुकानदार एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. आधी घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे, आणि अजूनही काउंटरच्या एका कोपऱ्यात त्यांची बारीक हत्यारं मांडलेली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही लगेच म्हणायला लागलो. लेकीने एकेका टाकीला नाक लावून सहा मासे निवडले. दोन काळ्या कुळकुळीत मॉली, चार नारिंगी प्लॅटी. चाचांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले, नळीने ऑक्सिजन भरला आणि वर रबर बांधलं. दीड फुटाची काचेची टाकी आणि हवेचा छोटा पंप थर्माकोलमध्ये बांधून दिला. एका कागदावर स्वतःचा फोन नंबर लिहून माझ्या हातात दिला.

"बाई, काही वाटलं तर फोन करा. मासा बोलत नाई. तुम्हालेच बोलावं लागते."

बस निघाली तेव्हा पिशवी माझ्या मांडीवर होती. खिडकीखाली लेक उभी होती आणि मला वाटलं ती माझ्याकडे पाहतेय. ती माशांकडे पाहत होती. "आई, पिशवी उन्हात नको धरू," एवढंच ती म्हणाली.

आष्टीपर्यंत ऊन होतं. आलापल्लीनंतर रस्ता जंगलात शिरला आणि थंडी लागायला लागली. मी शाल स्वतःच्या अंगावरून काढून पिशवीभोवती गुंडाळली. शेजारी बसलेल्या म्हातारीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि गोंडीत काहीतरी म्हणून हसली. शिजवायला इतके छोटे मासे नेणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असणार.

पहिले दोन दिवस छान गेले. क्वार्टरमध्ये टेबलावर बुद्धाची मूर्ती होती, तिच्या शेजारी टाकी ठेवली. ड्युटीवरून आले की चहा घेऊन टाकीसमोर बसायचं. घरात आपल्याशिवाय काहीतरी हलतंय, याची मला सवयच राहिली नव्हती. काळ्या दोन्ही मॉली बरोबरीने फिरायच्या. एक प्लॅटी जराशी भांडखोर होती, ती बाकीच्यांना कोपऱ्यात रेटायची. मी फोनवर लेकीला हे सगळं सांगायचे आणि ती म्हणायची, "मले माहीत होतं, तिच्या डोळ्यावरूनच दिसत होतं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडखोर प्लॅटी खालच्या दगडांना अंग घासताना दिसली. एकदम तिरकी व्हायची, अंगाची एक बाजू दगडावर खरचटून घ्यायची आणि वर यायची. मला वाटलं खेळतेय. दुसऱ्या दिवशी सगळेच तसं करायला लागले. पंख अंगाला चिकटवून एका जागी डुलत राहायचे. खाणं टाकलं तर जवळ यायचे, तोंड लावायचे आणि सोडून द्यायचे.

पाणी घाण झालं असेल, असं मी ठरवलं. सगळं पाणी काढलं आणि नळाचं ताजं भरलं. त्या वेळी मला हे स्वच्छतेचं काम वाटलं. नोव्हेंबरचं गार पाणी, त्यात गावच्या पाण्याच्या टाकीत टाकलेली ब्लीचिंग पावडर. तासाभरात एक काळी मॉली वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागली.

सकाळी उजेडात पाहिलं तर तिच्या शेपटीवर आणि पाठीवर पांढरे ठिपके होते. रव्याचे कण चिकटल्यासारखे. काळ्या अंगावर ते इतके स्पष्ट दिसत होते की आधी कसे दिसले नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं.

त्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "कसे आहेत?"

"मस्त," मी म्हणाले. "खाऊन-पिऊन मजेत."

हे खोटं मी ठरवून बोलले नाही. तोंडातून आपोआप निघालं. तिला रात्री झोप लागणार नाही आणि तिला जवळ घ्यायला मी तिथे नाही, एवढाच विचार मनात आला.

चाचांना फोन लावायला मला दवाखान्याच्या गच्चीवर जावं लागलं, कारण रेंज तिथेच नीट येते. मी घाईघाईत सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आमच्याकडे टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आहेत, फोडून टाकू का?"



"बाई, तुमच्या दवाखान्यात पेशंट आला की पहिले रक्त तपासता की पहिले गोळी देता?"

"पहिले रक्त," मी म्हणाले.

"मग माश्यालेच काऊन असं? आता मी विचारतो, तुम्ही फक्त सांगा. पाणी किती बदललं?"

"सगळं."

"अरे अल्ला. गरम की थंड?"

"नळाचं."

"ठिपके कसे आहेत? कापसावानी फुललेले, की मीठ शिंपडल्यावानी?"

"मिठासारखे."

"सोन्याची धूळ बसल्यावानी पिवळसर तर नाई ना? टॉर्च मारून पाहा."

मी नाही म्हणाले. टॉर्च मारून आधीच पाहिलं होतं.

"घासून राह्यले?"

"हो."

"मग तो पांढऱ्या ठिपक्याचाच रोग आहे. कीडा राह्यते बारीक, कातडीच्या आत बसलेला. माझ्याच टाकीतून आला असंन. थोडा थोडा तर सगळीकडे राह्यते. मासा आपल्या घरी सुखात असला तर त्याले दाबून ठेवते. घर बदललं, गाडीत हालला, थंडी लागली, की तो कीडा वर येते." मग ते म्हणाले, "मासा बिचारा घर बदलल्याच्या दुखण्यानंच आजारी पडते, बाई."

मी गच्चीच्या कठड्याला टेकले होते. समोर सागाची झाडं, खाली ओपीडीची रांग. काही क्षण मला पुढचं काही ऐकू आलं नाही. "पुन्हा सांगा चाचा," मी म्हणाले, आणि त्यांनी उपाय पुन्हा सगळा सांगितला.

पाणी हळूहळू गरम करायचं, दिवसाला दोन डिग्री, एकोणतीस-तीसपर्यंत. आयोडीन नसलेलं खडे मीठ, दहा लिटरला दोन चमचे, तेही एकदम नाही तर दोन दिवसांत विरघळवून. रोज तळातलं पाणी नळीने ओढून काढायचं, एक तृतीयांश, आणि तेवढंच, एक दिवस भरून ठेवून मुरलेलं, कोमट पाणी घालायचं. हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही, कारण गरम पाण्यात हवा कमी राहते. खाणं अगदी चिमूटभर.

"आणि ठिपका गेला म्हणजे रोग गेला असं समजू नका. तो कीडा पिकला की माश्यावरून खाली पडते, तळाशी जाऊन फुटते, त्याचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत फिरतात. तो फिरत असतो तेव्हाच मरते. अंगात असतो तेव्हा कोणतंच औषध लागत नाई. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस सोडायचं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपक्यांची ती काळी मॉली मेलेली होती. अजून ताजी होती. मी तिला ओल्या कापसात ठेवून लॅबमध्ये नेलं. पेशंट यायला वेळ होता. काचेच्या कडेने तिच्या अंगावरचा थोडा चिकट थर खरवडला, थेंबभर पाणी टाकलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला.

मी वर्षानुवर्षं मलेरियाचे जंतू पाहत आलेय. ते काचपट्टीवर रंगवलेले असतात, मेलेले, स्थिर. हा जिवंत होता. मोठा, गोल, करडा, अंगभर केसांची झालर, आणि तो सावकाश स्वतःभोवती वळत होता. पोटात घोड्याच्या नालेसारखी एक फिकट खूण. आमचे डॉक्टर, अगदी तरुण, नागपूरकडचे, हजेरीला आत आले तेव्हा मी त्यांनाही दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. "मॅडम, हा तर सुंदर आहे," ते म्हणाले. मला राग आला आणि हसूही आलं. मी काचपट्टी टाकून दिली, सगळं निर्जंतुक करून ठेवलं आणि पहिल्या पेशंटचं बोट टोचायला घेतलं.

एटापल्लीच्या बाजारात हीटर मिळाला नाही. मी टाकीच्या वर साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब बांधला, तीन बाजूंनी चादर गुंडाळली, आणि लॅबमधलं एक थर्मामीटर पाण्यात सोडलं. बल्ब असला की सत्तावीसपर्यंत चढायचं. वीज गेली की उतरायचं. मग मी चुलीवर पाणी गरम करून बाटलीत भरायचे आणि बाटली टाकीत तरंगत ठेवायचे. पंप बंद असला की फुलपात्राने पाणी वर उचलून धार सोडायची, म्हणजे हवा मिसळते. खडे मीठ शेजारच्या घरातून मिळालं, मोहाचं लोणचं घालायला त्यांनी आणून ठेवलेलं.

दोन प्लॅटी त्या आठवड्यात गेल्या. भांडखोर त्यातच होती.

रविवारी लेकीचा फोन आला. "भांडकुदळ काय करून राह्यली?" तिने विचारलं.

मी खोटं बोलणार होते. वाक्य तयारही होतं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "आई, तू रडून राह्यली का?"

मग सांगितलं. ठिपके कधी आले, पाणी मी कसं बदललं, तीन कसे गेले.  

"तू मले खोटं काऊन सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून, बेटा. मी तिथे नाही, तुला कोण समजावणार."

"बाबा पण हेच म्हणत होते."

"कशाबद्दल?"

 मागे तिच्या बाबांचा आवाज आला, "फोन दे इकडे." तिने दिला नाही.

"आई, मले मलेरिया झाला होता. पोळ्यानंतर. सांगायचं नाई असं ठरलं होतं."

 पोळ्यानंतर. तेव्हा नाल्यांना पूर होता, आलापल्लीचा रस्ता चार दिवस बंद होता. त्या दिवसांत माझ्या टेबलावर काचपट्ट्यांचे गठ्ठे येत होते. कोणाकोणाच्या लेकरांचं रक्त मी पाहत होते, नळीला डोळा लावून, मान दुखेपर्यंत. आणि आठवलं की त्याच आठवड्यात एका फोनवर लेक म्हणाली होती, "आई, मी झोपते, मले बोलावंसं नाई वाटत." मला वाटलं ती रुसलीय. मी येत नाही म्हणून रुसलीय. आवाज बारीक होता, श्वास लागल्यासारखा, आणि ते मी ऐकलं होतं. ऐकूनसुद्धा मला कळलं नाही.

तिच्या बाबांनी शेवटी फोन घेतला.

"गोळ्या?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. "चौदा दिवसांच्या पूर्ण केल्या का?"

"केल्या. एकेक गोळी मोजून दिली. तुझ्याच तोंडून हजार वेळा ऐकलं आहे."

"मला सांगायचं होतं."

"रस्ता बंद होता. तू येऊ शकली नसती. तिथी बसून रडली असती, अन् मी इथी पोरीले सांभाळू की तुले?"

त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याच्याशी बोलता येईना. दोन दिवस मी घरचा फोन उचलला नाही. टाकीचं पाणी तेवढं रोज बदलत राहिले. नळी तोंडाने ओढायची, बादलीत सोडायची, कोमट पाणी मगाने हळूहळू घालायचं. उरलेल्या तीन माशांच्या अंगावर ठिपके होते, पण ते खात होते. मी प्रत्येकाचे ठिपके मोजायचे. काळ्या मॉलीच्या उजव्या बाजूला नऊ. मग सात. मग पुन्हा अकरा, कारण खाली पडलेल्यांची पोरं वर आली होती. चाचांनी हे सांगितलं नसतं तर मी त्याच दिवशी हार मानली असती.

बुधवारी दुपारी एस.टी.चा कंडक्टर दवाखान्यात एक पुडकं घेऊन आला. आत जाड रुमालात गुंडाळलेला काचेचा हीटर होता, हिरव्या औषधाची बाटली होती आणि लेकीच्या अक्षरातला वहीचा कागद. मंगळवारी शाळा बुडवून ती आणि तिचे बाबा चंद्रपूरला गेले होते. चाचांनी औषध किती थेंब घालायचं ते तिला समजावलं होतं आणि तिने ते माझ्यासाठी लिहून काढलं होतं. मीठ घातलेल्या पाण्यात औषध अर्ध्याच मात्रेने सुरू करायचं, अर्धा दिवस पाहायचं. त्याखाली तिने स्वतःचं घातलं होतं: रोज सकाळी फोटो पाठवायचा. कोण खातं, कोण खात नाही ते लिहायचं. खरं लिहायचं.

मी संध्याकाळी फोन केला. आधी तिच्या बाबांना म्हटलं, "हीटर पोचला." त्याने विचारलं, "फुटला नाई ना?" मी नाही म्हटलं. आमचं भांडण तिथेच मिटलं.

लेकीला म्हणाले, "मी रोज खरं लिहीन. पण तूही लिहायचं. ताप, खोकला, पोटात दुखणं, शाळेत कोणी काही बोललं, सगळं."

"रोज?"

"रोज."

"बरं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आज माझं डोकं दुखून राह्यलं. पण बसमुळे."

त्यानंतर तीन आठवडे आमचे संदेश जायचे-यायचे. माझा गच्चीवरून: मॉली चार ठिपके, लहान प्लॅटी दोन, मोठी खात नाही. तिचा: गणितात कमी मार्क, घसा ठीक, बाबांनी भाजीत मीठ जास्त टाकलं. मोठी प्लॅटी एक दिवस खायला लागली आणि मी तो संदेश ड्युटी सोडून धावत जाऊन पाठवला. मग एका सकाळी टॉर्च मारून तिन्ही मासे दोन्ही बाजूंनी पाहिले आणि एकही ठिपका नव्हता. चाचांनी सांगितल्याप्रमाणे तिथून पुढे दहा दिवस मी काहीच सोडलं नाही. अकराव्या दिवशी उष्णता उतरवायला सुरुवात केली.

तीन वाचले. चाचांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "अर्धे वाचले म्हणजे लय झालं. नव्या माणसाच्या हातून सगळे जातात."

मे महिन्यात लेक पहिल्यांदाच एटापल्लीला राहायला आली, आठ दिवसांसाठी. आल्याआल्याच टाकीपाशी गेली, वाकून तिघांनाही पाहिलं, मॉलीला हात हलवून दाखवला. मग उठली. मला वाटलं होतं ती तिथेच बसून राहील. इतके महिने मी मनात त्या टाकीपाशी तिला बसलेली पाहत होते. पण ती माझ्या खांद्यापर्यंत आली होती आणि तिला आता दुसरंच काही हवं होतं.

"मले तुझी लॅब पाहायची आहे."

रविवारी दवाखाना शांत होता. नव्यांना शिकवण्यासाठी ठेवलेली मलेरियाची एक जुनी काचपट्टी मी तिला लावून दिली. उंच स्टुलावर ती बसली, एक डोळा मिटून. स्क्रू कसा फिरवायचा ते तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. तिच्या केसांना बसच्या धुळीचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. कितीतरी दिवसांनी मी तिच्या इतकी जवळ उभी होते.

"हे जांभळं, अंगठीवानी?"

"हो."

"माझ्यात हेच होतं?"

"असंच. थोडं वेगळं."

ती बराच वेळ पाहत राहिली. डोळा न काढताच म्हणाली, "तू असती तर तूच पाहिलं असतं ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच पाहिलं असतं."

तिने मान हलवली आणि पट्टी थोडी पुढे सरकवली.

आठवा दिवस आला. तिचे बाबा न्यायला आले होते. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, बसच्या टपावर पोती चढत होती आणि स्टँडवर पानांचा उग्र वास भरला होता. त्या दोघांना पुढच्या बाजूची जागा मिळाली. मी खिडकीशी उभी राहून पाण्याची बाटली दिली, टॉवेल दिला, मग देण्यासारखं काही उरलं नाही. बस सुटली.

दुपारी फोन वाजला तेव्हा मी गच्चीवरच होते.

"आई, आष्टीचा पूल आला. वैनगंगेत पाणीच नाई, नुसती वाळू आहे. मधात एक बाई म्हशी घेऊन चालली आहे."

"कोणत्या बाजूने?"

"तुझ्या बाजूनं इकडे. आता आम्ही मधोमध आहोत. बाबा म्हणतात, नदीपासून चंद्रपूर जिल्हा लागते."

मग आवाज तुटायला लागला. ती आणखी काहीतरी सांगत होती, म्हशींबद्दल असावं. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि रेंज गेल्यावरही थोडा वेळ फोन कानाला धरून उभी होते.